पान मांडायच्या आधी

अक्का फोनवर नकार द्यायच्या तो उभं राहून. होकार असला तर बसून, पाय लांब करून, हातात चहाची कपबशी घेऊनही बोलत. पण एखाद्या हॉस्पिटलला 'मी येऊ शकत नाही' असं कळवायचं असलं, की आधी पदर नीट करत, चष्मा पुसत आणि घरमालकिणीच्या बोळातल्या काळ्या फोनसमोर शाळेत कविता म्हणायला उठल्यासारख्या उभ्या राहत. पलीकडच्या बाईंना हे थोडंच दिसतंय, असं आम्ही म्हटलं की त्या म्हणत, "दिसत नाही. पण आवाजात येतं."

चिऊ, परवा तू म्हणालीस की हॉस्पिटलांतल्या रेसिडेन्सीच्या मुलाखतींच्या मिळतील तेवढ्या तारखा घेऊन ठेवल्या आहेत, आणि नकोत त्या शेवटी बटण दाबून सोडून देणार आहेस. सगळेच तसं करतात, हेही म्हणालीस. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण फोनवरचा उपदेश कुणालाच नको असतो. पण त्या दिवसापासून अक्का डोळ्यांसमोरून हलत नाहीत. म्हणून तुला आणि निखिलला त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

अक्का साताऱ्याच्या. भूल देणाऱ्या डॉक्टर. पन्नासच्या दशकात एकट्या जर्मनीत हॅम्बर्गला आल्या आणि एल्बे नदीच्या पलीकडच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागल्या. सुती साडी, वर पुरुषी रेनकोट आणि पायात तिथल्या कोळिणी घालतात तसले रबरी बूट, या वेशात त्या रोज सकाळी बंदरातल्या फेरीबोटीत उभ्या असत. गोदीतले कामगार त्यांना जागा देत, आणि त्या ती कधी घेत नसत. तुमचे आजोबा जहाजबांधणीत संशोधन करायला तिथे गेले आणि पाठोपाठ डॉक्टर होऊन मी गेले, तोवर अक्का तिथल्या सगळ्या मराठी मंडळींच्या अक्का झालेल्या होत्या. वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण त्यांना अहो-जाहो करणं आपोआप व्हायचं.

दर रविवारी त्यांच्या खोलीवर जेवण असे. राय नावाच्या तिथल्या धान्याच्या पिठाची थालीपिठं, काकडीची कोशिंबीर आणि कुणी भारतातून आणलंच तर लोणचं. येणाऱ्यानं शुक्रवारपर्यंत कळवायचं, असा नियम होता. न कळवता कुणी गैरहजर राहिला तर अक्का त्याचं पान मांडूनच ठेवत, कुणाला तिथे बसू देत नसत आणि पुढच्या वेळी तो आला की सगळ्यांदेखत सांगत, "गेल्या रविवारी तुझ्या पानाशी आम्ही खूप गप्पा मारल्या. बरं बोलतं ते, तुझ्यापेक्षा."

मुलाखतीच्या तारखांबद्दलचं त्यांचं सगळं शास्त्र या पंगतीतूनच आलेलं होतं. तिकडे असिस्टंट डॉक्टरची जागा हवी तर विभागाच्या प्रमुखाकडे, ज्याला तिथे शेफ म्हणत, अर्ज पाठवायचा. मग शेफच्या सेक्रेटरीकडून तारीख यायची. आम्ही मंडळी घाबरून पाच-सहा ठिकाणी अर्ज करायचो आणि तारखा आल्या की सगळ्या धरून ठेवायचो. अक्का म्हणत, "जेवायला जाणार नसाल तर पान मांडायच्या आधी सांगावं. वाढून झाल्यावर सांगितलं तर अन्नही गेलं आणि ज्याला बसायचं होतं तोही उपाशी गेला." एका ठिकाणी हो म्हटलं की त्याच दिवशी बाकीच्या तारखा सोडायच्या. आधी फोन, मग दोन ओळींचं पत्र. आणि आजारपणाची थाप मुळीच मारायची नाही. "अरे, पलीकडे डॉक्टरचं ऑफिस आहे. त्यांनी औषध सुचवलं म्हणजे काय करशील?"

सेक्रेटरीचं नाव ठाऊक असल्याशिवाय त्या कुणाला फोनला हात लावू देत नसत. शेफ तुम्हाला अर्धा तास बघणार, पण तुमची फाइल वर ठेवायची की खाली हे त्या बाई ठरवणार, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला हे जरा जास्तच वाटायचं. पण त्याला कारण घडलेलं होतं.

मी जाण्याच्या वर्षभर आधी पुण्याच्या एकाच कॉलेजातले दोन मित्र हॅम्बर्गच्या एका मोठ्या बालरुग्णालयात मुलाखतीला बोलावले गेले होते. एकाला सोमवार गैरसोयीचा, दुसऱ्याला गुरुवार. दोघांनी आपसात तारखा बदलून घेतल्या आणि कुणालाही सांगितलं नाही. आपल्याकडे धाकट्याच्या ऐवजी थोरला लग्नाला जाऊन येतो, घरचा कुणीतरी गेला म्हणजे झालं, तसंच त्यांना वाटलं. सोमवारी शेफनी समोरची फाइल उघडली आणि आलेल्या मुलाला दुसऱ्याच्या प्रबंधाबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. बिचारा बराच वेळ उत्तरं देत राहिला. खरा प्रकार कळल्यावर शेफनी फाइल मिटली, आणि त्यानंतर त्या रुग्णालयातून एकाही भारतीयाला बोलावणं गेलं नाही.

अक्कांचा त्या प्रकाराशी काही संबंध नव्हता. तरी त्या रजा काढून तिथे गेल्या. शेफकडे नाही, त्यांच्या सेक्रेटरीकडे, फ्राउ म्हणजे श्रीमती ल्यूडर्सकडे. त्या करड्या केसांच्या, कडक बाईंनी विचारलं की ते दोघे तुमचे कोण? अक्का म्हणाल्या, घरचे. आणि माफी मागून परत आल्या. फ्राउ ल्यूडर्सनी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि पुढे कितीतरी महिने काही घडलंही नाही. मग अचानक त्या रुग्णालयात दोन जागा निघाल्या आणि दोघा भारतीयांना तारखा आल्या. एक मला आणि एक वसंतला.

वसंत हा तुमच्या आजोबांचा डॉक्टर मित्र. मला वहिनी म्हणायचा. त्याची तारीख शुक्रवारची होती, माझी पुढल्या मंगळवारची. मला मुलांची डॉक्टर व्हायचं होतं आणि बिऱ्हाड हॅम्बर्गमध्ये होतं, त्यामुळे मला दुसरं काही दिसतच नव्हतं. पण त्याच आठवड्यात बुधवारी न्युरेम्बर्गहून पत्र आलं. तिथे मी आधीच मुलाखत देऊन आले होते, शस्त्रक्रिया विभागात. त्यांनी जागा देऊ केली होती आणि शनिवारी दुपारपर्यंत उत्तर मागितलं होतं. न्युरेम्बर्ग म्हणजे देशाचं दुसरं टोक. हो म्हटलं तर मी तिकडे आणि आजोबा इकडे. नाही म्हटलं आणि मंगळवारी हॅम्बर्गनं नाकारलं, तर माझा तिथे काम करायचा परवाना संपत होता, आणि शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं असतं.

आम्ही तिघे संध्याकाळी अक्कांकडे गेलो. तुमच्या आजोबांचं मत स्वच्छ होतं. न्युरेम्बर्गला हो म्हणून टाक, मंगळवारी इथे मुलाखत दे, इथलं जमलं तर तिथलं सोड. कुणाला कळणार आहे?

अक्का कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिथे हिच्यासाठी खोली ठरवतील. चादरी घालतील. दुसऱ्या डॉक्टरला नाही म्हणून कळवतील. आणि ही जाणारच नाही?"

मग वसंतला युक्ती सुचली. "वहिनी, तुम्ही माझ्या शुक्रवारी जा, मी तुमच्या मंगळवारी जातो. तिथे गेल्यावर सांगू काय ते."

अक्कांनी कणकेतले हात बाहेर काढले. "हेच त्या दोघांनी केलं होतं."

"मग तुम्हीच फ्राउ ल्यूडर्सना फोन करा ना. तुमची ओळख आहे."

"माझं तोंड वापरायचं असेल तर तारीखही मलाच द्या. मीच जाते मुलाखतीला."

त्यांचा नियम असा होता, की अदलाबदल करायला हरकत नाही, पण ती आपण करायची नाही, विचारायची. पान ज्यांच्या घरचं, कुणाला कुठे बसवायचं ते त्यांनी सांगायचं. आणि ज्याची तारीख आधीची त्यानं आधी विचारायचं, कारण देणारा तो आहे. म्हणजे पहिला फोन वसंतनं करायचा. वसंतचा चेहरा उतरला. त्याला दुसरीकडून कुठूनच बोलावणं नव्हतं.

"आणि त्या बाई म्हणाल्या, दोघंही येऊ नका, तर?"

"तर दोघंही जाऊ नका," अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा कणीक मळायला लागल्या.

मी वसंतला म्हटलं, भाऊजी, राहू द्या, मी न्युरेम्बर्गला जाते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि म्हणाला, सकाळी आठला येतो.

गुरुवारी सकाळी अक्कांच्या बोळात वसंत फोनसमोर उभा राहिला. अक्कांनी त्याला टाय सरळ करायला लावला. त्यानं नाव सांगितलं, आपला शुक्रवार सांगितला, माझा मंगळवार सांगितला आणि बदलता येईल का विचारलं. पलीकडून काहीच आवाज येईना. मग त्यानं "या, या", म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, असं म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

फ्राउ ल्यूडर्सनी विचारलं, कारण काय? मी खरं ते सांगितलं. न्युरेम्बर्गनं जागा दिली आहे, शनिवारी उत्तर द्यायचं आहे, मला तुमच्याकडे यायचं आहे. मंगळवारच राहिला तर मी तो आत्ताच सोडते, म्हणजे तुम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकाल.

"आल्झो," म्हणजे 'असं तर', त्या म्हणाल्या. पानं उलटल्याचा आवाज आला. "तुमच्या देशातल्या लोकांनी या वेळी मला आधी विचारलं." आणि मग, "उद्या साडेआठ. त्या गृहस्थांना सांगा, मंगळवार त्यांचा." मी फोन ठेवला तेव्हा अक्का फेरीबोट चुकेल म्हणून रबरी बूट चढवत होत्या. काय झालं हे त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं असणार, कारण जाताना वसंतच्या पाठीवर एक थाप मारली, आणि ती चांगली जोरात होती.

शुक्रवारी शेफनी मला मुलांच्या आजारांबद्दल पुष्कळ विचारलं. माझं जर्मन अडखळत होतं, पण गोवर आणि घटसर्प मी पुण्यात इतका पाहिला होता की तिथे मला शब्द शोधावे लागले नाहीत. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"आज मी नाही म्हणालो तर तुम्ही काय कराल?"

"बाहेर जाऊन न्युरेम्बर्गला फोन करीन, की येते."

"आणि हो म्हणालो तर?"

"बाहेर जाऊन न्युरेम्बर्गला फोन करीन, की येत नाही."

ते हसले. "म्हणजे काही झालं तरी तुम्हाला आमचा फोन लागणार." त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, फ्राउ ल्यूडर्स, न्युरेम्बर्गला फोन जोडा. मी उठले. दारापर्यंत गेले तरी मला ठाऊक नव्हतं की मी काय सांगणार आहे. दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा मागून आवाज आला, "त्यांना सांगा, आम्हाला वाईट वाटतं, पण तुम्ही आमच्याकडे आहात."

न्युरेम्बर्गच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आभार मानले. आजच कळलं म्हणून त्या सोमवारच्या आत दुसऱ्या डॉक्टरला कळवू शकणार होत्या. तो डॉक्टर कोण होता, मला कधीच कळलं नाही. पण त्या शनिवारी त्याच्याही घरी काहीतरी गोड झालं असेल, असं मला अजून वाटतं.

मी थेट फेरी पकडून अक्कांच्या हॉस्पिटलात गेले. त्या थिएटरमधून टोपीसकट बाहेर आल्या. पहिला प्रश्न, "न्युरेम्बर्गला कळवलंस?" कळवलं म्हटल्यावर कँटीनमध्ये गेल्या आणि मार्झिपानची वडी घेऊन आल्या. "पेढे समज. बदामाचेच आहेत." मंगळवारी वसंतलाही दुसरी जागा मिळाली, आणि वर फ्राउ ल्यूडर्सनी त्याला कॉफी विचारली. त्या कॉफीचं वर्णन तो पुढे कितीतरी वर्षं करत होता. आम्ही त्या रुग्णालयात होतो तोवर आपल्याकडच्या मुलामुलींना तिथून बोलावणी येत राहिली. एकदा फ्राउ ल्यूडर्सनी अक्कांना फोन करून विचारलं, आणखी कुणी आहे का तुमच्याकडे. अक्का म्हणाल्या, मी पाठवणार नाही, ते अर्ज करतील.

साठचं दशक संपत आलं तेव्हा अक्का परत निघाल्या. साताऱ्याच्या हॉस्पिटलात भूल द्यायला कुणी नव्हतं. इटलीतल्या जिनोआहून बोट होती आणि तिथवर रेल्वे. आम्ही सगळे मध्यवर्ती स्टेशनच्या फलाटावर जमलो होतो, डोळे पुसायच्या तयारीनंच. कामाचा दिवस, सकाळची वेळ, आणि जिन्यावरून हॅट घातलेल्या फ्राउ ल्यूडर्स उतरताना दिसल्या. त्या बाईंनी कधी ऑफिसच्या वेळात खुर्ची सोडलेली कुणी पाहिली नव्हती.

अक्का घाबरल्याच. "फ्राउ ल्यूडर्स, आत्ता तर तुमचं ऑफिस असतं."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', त्या म्हणाल्या. "माझी सुट्टी उद्या होती आणि एक्स-रे विभागातल्या बाईंची आज. आम्ही दोघींनी आधी शेफना विचारलं, आणि मगच बदलली."

अक्का एवढ्या हसल्या की त्यांना डब्याच्या दांडीला धरून उभं राहावं लागलं. गाडी सुटली तरी त्या हसतच होत्या, आणि खाली फ्राउ ल्यूडर्सही, हॅट हातात घेऊन, सगळ्या फलाटादेखत.