खुट्यांचा टायमर

आमच्या दिघाशीत कुणाची मोटर जळाली, फ्यूज उडाला किंवा पंखा काठीने ढोसल्याशिवाय फिरेना झाला, की केसरीनाथ भोईरांना हाक जाते. पस्तीस वर्षं त्यांनी भिवंडीत, धामणकर नाक्याच्या आसपासच्या लूमच्या कारखान्यांत वायरमनची कामं केली. शंभर माग खडखडत असताना कुठली मोटर बिघडलीय ते काका दारातूनच सांगायचे, असं लोक म्हणतात. काका स्वतः म्हणतात, "शंभर न्हाय. चोवीस." खोटं बोलायची त्यांना सवयच नाही. म्हणून पुढे जे घडलं ते घरच्यांना जास्त लागलं.

विजेवर पोट भरलेल्या या माणसाचा विजेवर मात्र काडीचा विश्वास नव्हता. तरुणपणी एकदा ते बादलीत पाणी तापवायची कॉइल सोडून दूध आणायला गेले आणि वाटेत गप्पांना बसले. परत येऊन बघतात तर पाणी आटलेलं, प्लॅस्टिकची बादली वितळून तांदळाच्या भाकरीसारखी जमिनीला चिकटलेली. तेव्हापासून घराबाहेर पडताना ते सगळ्या बटणांवरून हात फिरवत जातात, लग्नात पाहुण्यांना रामराम करत पुढे सरकावं तसे.

अशा घरात गिझर आला तो सुनेमुळे. काकांचा मुलगा मितेश कंटेनर चालवतो, आठवड्यातले चार दिवस गुजरातच्या रस्त्यावर असतो. त्याची बायको क्षितिजा वडप्याच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये माल स्कॅन करायच्या कामावर आहे. शिफ्ट सकाळी सहाची. कंपनीची गाडी सव्वापाचला फाट्यावर येते. तोवर घरात बंब होता. त्याच्या धुराने क्षितिजाचा धुतलेला युनिफॉर्मही होळीतून आल्यासारखा वास मारायचा. मितेशने पंचवीस लिटरचा गिझर आणला. काकांनी स्वतः बसवला, वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातलेलं अर्थिंग. ताई म्हणाल्या, "एवढं मीठ तर मी वर्सभर जेवणात घालीत न्हाय."

ताई म्हणजे काकांच्या बायको. सगळं गाव त्यांना ताईच म्हणतं.

मग काकांची ड्युटी सुरू झाली. पहाटे चारला उठायचं, गिझर लावायचा आणि समोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून लाल दिव्याकडे बघत राहायचं. दिवा विझला की बटण बंद करायचं आणि सुनेच्या दारावर दोन टकटका. "पोरी, पाणी झालं." लूमचा कारखाना सांभाळताना जेवढं लक्ष दिलं नसेल, तेवढं त्या लाल दिव्याकडे.

इथवर ठीक होतं. पण हळूहळू गिझर काकांच्या डोक्यात राहायला आला. वडप्याला ताईंचे भाऊ सावळाराम यांच्या मुलाची हळद होती. बेंजो जोरात, पंगत बसायच्या बेतात, आणि काका उठून उभे राहिले. "गिझर बंद केला का मी?" दोन रिक्षा बदलून ते दिघाशीला आले. गिझर बंद होता. पुन्हा दोन रिक्षा बदलून वडप्याला पोचले, तर मटणाचा टोप घासायला गेला होता. त्या महिन्यात असं तिसऱ्यांदा घडलं.

"तो गिझर हाय का तुमची दुसरी बायको?" ताईंनी भर मंडपात विचारलं. बेंजो नेमका त्याच क्षणी थांबला होता.

दुसऱ्या दिवशी क्षितिजाने विषय काढला. ती कल्याणची, बोलायला सरळ. "बाबा, आपण गिझरला टायमर लावू या."

"टायमर कनाला? मी हाय ना."

"तुम्ही आहात म्हणूनच."

ताई एवढ्या हसल्या की काकांना चप्पल घालून निघावंच लागलं. ते गेले धामणकर नाक्यावर, गुलाम हुसेनच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. दोघांची ओळख तीस वर्षांची. लूमचे स्टार्टर, कॉन्टॅक्टर, केबल, काकांनी सगळं तिथूनच नेलं. आता लूम बरेच बंद पडले, तरी काका महिन्यातून एकदा काही ना काही काढून तिथे जातातच.

गुलाम हुसेननी दोन टायमर काउंटरवर ठेवले. एक आकडेवाला, बटणांचा. दुसऱ्याला गोल तबकडी, तिच्या कडेने लहान लहान पांढऱ्या खुट्या. एक खुटी म्हणजे पाव तास. जेवढा वेळ करंट हवा तेवढ्या खुट्या दाबायच्या, तबकडी घड्याळासारखी फिरत राहते.

काकांनी खुट्यांचा उचलला.

"केसरी, ये मत ले," गुलाम हुसेन म्हणाले. "लाईट गेली की तबकडी उभी राहते. दोन तास लाईट गेली, तर दोन तास मागे. आणि तुझ्या गावात लाईट किती जाते ते मला सांगू नको."

"मना माहीत हाय."

"मग आकडेवाला ने ना. अंदर सेल आहे. लाईट जाऊ दे, टाइम चालू. एकदा लाव आणि विसरून जा."

हे 'विसरून जा' काकांना कुठेतरी लागलं. ते खुट्यांवरून बोट फिरवत राहिले. "हाच दे. लाईट गेली तर मी हाय ना. फिरवंन परत."

घरी क्षितिजाने विचारलं, "आकडेवाला नव्हता का, बाबा? मी मोबाईलवर बघितला होता."

"दुकानात एवढाच होता," काका म्हणाले आणि पिशवीतून स्क्रू काढायला वाकले.

टायमर त्यांनी झकास बसवला. गिझरचा भार थेट टायमरवर पडू नये म्हणून मधे कॉन्टॅक्टर घातला, सगळं एका डब्यात बंद करून न्हाणीच्या बाहेर, पाणी उडणार नाही एवढ्या उंचीवर. सव्वाचारपासून पाचपर्यंत तीन खुट्या दाबल्या. पहिल्या पहाटे 'खट' आवाज झाला, लाल दिवा लागला. समोर स्टुलावर काका होतेच.

"आता तो हाय ना बघायला?" ताईंनी अंथरुणातून विचारलं.

"नवा हाय. चार दिस नजर ठेवाया पायजे."

चार दिवसांचा महिना झाला. लाईट जाऊन आली की काका 'पाय धुऊन येतो' म्हणून न्हाणीकडे जायचे, डबा उघडायचे आणि तबकडी हळूच पुढे सरकवायचे. त्या महिन्यात त्यांच्याएवढे स्वच्छ पाय गावात कुणाचे नसतील. इकडे क्षितिजा गोडाऊनमध्ये सगळ्यांना सांगायची, "आमचा टायमर एक मिनिट इकडचा तिकडे होत नाही." घरी येऊन ती हेच सांगू लागली की काका मान खाली घालायचे. मुलाचा गृहपाठ बापाने लिहावा आणि शिक्षकांनी मुलाची पाठ थोपटावी, तसं त्यांचं व्हायचं.

जानेवारीत त्यांची मुलगी करिष्मा हिच्या पेणच्या घरी नवीन वायरिंगचं काम निघालं. तिने बाबांना बोलावलं. काका चार दिवसांसाठी गेले. जाताना ते टायमरच्या डब्याजवळ बराच वेळ घुटमळले, ताईंना काहीतरी सांगू बघत होते, पण एसटीची वेळ झाली होती.

त्याच दिवशी गावच्या ट्रान्सफॉर्मरचं काम निघालं. लाईट पाच तास गेली.

दुसऱ्या पहाटे क्षितिजाने नळ सोडला. पाणी बर्फ. पंचवीस लिटर बर्फ. गाडी चुकवून चालणार नव्हतं. तिने डोळे मिटून अंगावर तांब्या घेतला, तेव्हा जी किंकाळी आली ती मी पलीकडच्या घरात ऐकली. गोडाऊनमध्ये दहा वाजेपर्यंत ती युनिफॉर्मवर स्वेटर घालूनच माल स्कॅन करत होती. त्या दुपारी पुन्हा साडेतीन तास लाईट गेली. तिसऱ्या पहाटे पुन्हा तेच पाणी, तीच किंकाळी.

त्याच दिवशी दुपारी पाऊण वाजता ताई एकट्याच घरात भाकऱ्या थापत होत्या. न्हाणीकडून 'खट' झालं. त्या पिठाच्या हातांनीच गेल्या, तर गिझरचा लाल दिवा लागलेला. घरात आंघोळीचं माणूस नाही, काही नाही, आणि गिझर आपला मजेत पाणी तापवतोय. ताईंनी बटण बंद केलं आणि देवाला हात जोडले.

संध्याकाळी क्षितिजाने ते ऐकलं आणि टायमरच्या खोक्यावरच्या शिक्क्यातला दुकानाचा नंबर लावला. फोन स्पीकरवर होता.

"बेटी, तो बिघडला नाही," गुलाम हुसेन म्हणाले. "लाईट गेली की तो थांबतो. मैने केसरी को बोला था, सेलवाला ले. समोर ठेवला होता. हाच पाहिजे म्हणाला."

"समोर होता?" क्षितिजाने विचारलं.

"दोनों बाजू-बाजू में."

ताईंनी सुनेकडे बघितलं, सुनेनं ताईंकडे. मग त्या महिन्याभराचे स्वच्छ पाय दोघींना एकदमच आठवले. क्षितिजाने तबकडी स्वतःच फिरवून वेळेवर आणून ठेवली.

काका चौथ्या दिवशी पेणचे पोह्याचे पापड घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवून ते सवयीने 'पाय धुऊन येतो' म्हणाले. डबा उघडला. तबकडी बरोबर वेळेवर होती. काकांनी डबा बंद केला. आणि पाय न धुताच परत आले.

ताईंनी चहा पुढे ठेवला. "दुकानात एकच टायमर होता म्हणं?"

काकांनी चहा बशीत ओतला. "न्हाय. दोन होते."

"मग खोटं कनाला बोललंव?"

"आता नाक्यावर मना कोन बोलावतं? कारखानं बंद पडलं, जे हायेत त्यांच्याकडं पॅनल नवीन, पोरं नवीन. पहाटेचं तेवढं एक काम होतं." ते क्षितिजाकडे न बघताच म्हणाले, "तुना पाणी झालं म्हणून सांगाया बरं वाटायचं. त्या सेलवाल्यानं ते पण गेलं असतं."

ताईंनी महिन्याभराचं बोलणं तोंडात तयार ठेवलं होतं, ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. क्षितिजा मात्र म्हणाली, "बाबा, मी दोन दिवस बर्फाने आंघोळ केली. त्या पापडांतले अर्धे माझे."

"सगळं घे."

"आणि नवा टायमर मी बसवणार. तुम्ही हात लावायचा नाही. फक्त सांगायचं."

तिच्या सुटीच्या दिवशी ते काम झालं. मेन स्विच बंद करून ताई त्याच्यासमोर लाटणं घेऊन उभ्या राहिल्या, कुणी चुकून चालू करू नये म्हणून. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून क्षितिजाच्या मागे. त्यांची बोटं पाठीमागे हवेतच स्क्रू पिळत होती.

"आधी टेस्टर लाव."

"मेन बंद आहे ना, बाबा?"

"म्हणून काय झालं? वायरीला हात लावण्याआधी टेस्टर. मी सांगतो म्हणून पण विश्वास ठेवायचा न्हाय."

"ते कळलंय आता मला," क्षितिजा म्हणाली, आणि काका ओशाळवाणं हसले.

तिने जुन्या वायरी सोडवल्या, कुठली कुठे जाते ते कागदाचे तुकडे चिकटवून लिहिलं, नवा टायमर बसवला. काकांनी प्रत्येक स्क्रू अर्धा आटा आणखी पिळायला लावला. दीड तास लागला. त्यांनी स्वतः वीस मिनिटांत केलं असतं, पण तसं ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ताई आमच्या दारात आल्या. चेहरा पांढरा. "जरा ये रे. हे उठत न्हाईत."

मी धावलो. वाटेत आणखी तिघं-चौघं मागे लागले. काका पलंगावर कुशीला वळून पडलेले. पस्तीस वर्षांत पहाटे चारनंतर त्यांना झोपलेलं कुणी बघितलं नव्हतं, ताईंनी तर नाहीच. एकाने नाकापुढे बोट धरलं. दुसऱ्याने पायाचे तळवे चोळायला घेतले. तेवढ्यात काकांनी डोळे उघडले, भोवतीचे चेहरे एकेक करून बघितले आणि म्हणाले, "काय झालं? लाईट गेली?"

क्षितिजा तेव्हा वडप्याला शिफ्टवर होती, गरम पाण्याने आंघोळ करून गेलेली.

तिच्या गोडाऊनमधल्या बायकांना ही हकिगत कळली आणि दोघी-तिघींनी टायमर मागितला. आता सुटीच्या दिवशी सासरा-सून मिळून निघतात. ती बसवते, काका शेजारी खुर्ची टाकून बसतात. गेल्या रविवारी आमच्या घरी तिने बसवला. काकांनी दोन चहा घेतले. सगळ्या कामात ते एकदाच बोलले, तेही दुसऱ्या चहात साखर कमी पडली होती म्हणून.