तुळशीकडे तोंड केलेली गाडी

"गाडी खोटा बोलणा नाय. माणूस बोलता."

बोनेट उघडण्याआधीच आमचे मेस्त्री हे ऐकवत. मग गुडघे टेकून पुढच्या चाकामागे हात घालत आणि डोळे मिटत. आपण सीटवर बसून स्टिअरिंग जरा डावीउजवीकडे हलवायचं. ते खाली नुसता सांधा धरून बसायचे, तापलेल्या पोराचं मनगट धरावं तसे. मध्येच कुणी बोललं तर एक डोळा उघडायचा, तोही रागानं. गॅरेजवाले तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील, पण डोळे मिटून गाडी बघणारा मी हा एकच पाहिला.

कुडाळ-मालवण रस्त्याला एका फणसाखाली त्यांचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. पाटी कशाला, म्हणायचे, गाडी बंद पडली की माणूस विचारत विचारत येतोच.

माझी पिकप वडिलांनी घेतलेली, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जमान्यातली. काजू आणि आंब्याच्या पेट्या अजून तिच्यातूनच जातात. तिला एक खोड लागली होती. स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारे दांडे असतात, त्यांच्या टोकाला वाटीत बसवलेली गोळी असते. बॉल जॉइंट म्हणतात तिला. ती सारखी झिजायची. नवे जॉइंट घातले की तीन-चार महिने बरे जात, मग पुन्हा खडखड सुरू आणि स्टिअरिंग एकीकडे, गाडी भलतीकडे. मेस्त्रींनी चाकांची अलाइनमेंट तपासली, बेअरिंगं पाहिली, रबरी टोप्या बदलल्या, ग्रीस भरलं. चौथ्या खेपेला त्यांनी गाडीऐवजी माझ्याकडेच बघायला सुरुवात केली.

"हात बरेच भरलेत रे तुझे," माझ्या दंडाकडे बघत ते म्हणाले.

मी खूश झालो. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

पण घाटात एकदा वळणावर गाडी माझं ऐकेना, तेव्हा माझी टरकली आणि राग मेस्त्रींवर निघाला. कुडाळच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात चारचौघांत मी बोलून गेलो, "मेस्त्री डुप्लिकेट माल घालतत." सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात तिथल्या एका जीपवाल्यानं आपली गाडी दुसरीकडे नेली, त्याच्या मागोमाग आणखी एकानं. गंमत केली होती, अशी मी स्वतःची समजूत घातली. गंमत नव्हती ती.

एका संध्याकाळी मेस्त्री स्कूटरवरून थेट घरी आले. हॉटेलाचा विषय नाही, काही नाही. रोज सकाळी गाडी बाहेर कशी काढतोस तेवढं दाखव, म्हणाले.

आमच्या घराकडे येणारी वाट अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत. खरं म्हणजे संध्याकाळी गाडी मागे घेत अंगणात लावावी आणि सकाळी सरळ निघून जावं. पण मी नाकासमोर आत आणायचो, आणि सकाळी गडगा आणि माड यांच्यामधल्या जागेत ती फिरवायचो. गाडी जाग्यावर उभी करून, छाती लावून चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायची, दोन हात पुढे, पुन्हा उभी, पुन्हा वळवायची, दोन हात मागे. मेस्त्री बोटांवर मोजत होते. नऊ वेळा. मी गाडी परत होती तशी लावली, तोवर ते खाली वाकले. अंगणाच्या तांबड्या मातीत चाकांनी घासून घासून दोन खळगे पाडले होते. मी ते रोज बघत होतो आणि कोंबड्यांवर आळ घेत होतो.

"जाग्यावर मान मुरगळतस रे तिची," मेस्त्री म्हणाले. "म्हणान ती गोळी झिजता. हात कशान भरले ताय आता समाजला माका."

मागे घेऊन का लावत नाहीस, असं त्यांनी विचारलं. उत्तर आईनं पडवीतून दिलं. गाडीची पाठ तुळशीकडे होता कामा नये. वडिलांनी पहिल्या दिवशी गाडी तुळशीकडे तोंड करून उभी केली होती, तिथेच तिची पूजा झाली होती. वडील गेले तरी गाडीचं तोंड फिरलं नव्हतं.

आता हे काहीतरी फटकळ बोलणार, असं वाटून मी जीव मुठीत धरला. तेवढ्यात आईनं तुळशीत दिवा लावला आणि त्याचा उजेड गाडीच्या दिव्याच्या काचेत दिसायला लागला. मेस्त्रींनी तो पाहिला. मग त्यांनी स्वतः गाडी रस्त्यावर नेऊन फिरवली, मागे घेत आणून तुळशीकडे पाठ करून लावली, आणि आईला हात धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्या सीटवर ती जन्मात बसली नव्हती.

"काकी, आरशात बघा. तुळस दिसता?"

"दिसता."

"मगे गाडीकय दिसता."

आईनं विचार केला. "दिवो दिसणा नाय," ती म्हणाली.

मेस्त्रींनी दोन बोटांनी आरसा किंचित खाली केला. आई समाधानानं उतरली. तेव्हापासून आरसा संध्याकाळी तुळशीसाठी आणि सकाळी रस्त्यासाठी, अशी माझी दोन वेळची चाकरी सुरू झाली.

जाताना स्कूटरवर बसून ते म्हणाले, "आता हॉटेलात जावन सांग. जितक्यांक सांगलंस तितक्यांक."

त्यांना सगळं माहीत होतं. जातो म्हणालो, आणि गेलो नाही. चारचौघांत आपलाच गाढवपणा सांगायला जीभ रेटेना. पुढे गॅरेजमध्ये, रस्त्यात, घरी आले तर आईदेखत, मेस्त्रींचा पहिला प्रश्न एकच, "सांगलंस?" जॉइंट दोन वर्षं टिकले. ते प्रत्येक वेळी हात घालून बघत, खूश होत, वर तुझ्यासारख्या गिऱ्हाइकांनी माझं दुकान बसणार म्हणून कुरकुरत. एकदा मी थाप मारली, "सांगलंय."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "गाडी खोटा बोलणा नाय," म्हणाले, आणि पुढचं अर्धं वाक्य बोललेच नाहीत. मला फार लाज वाटली. तरीही गेलो नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मेस्त्री गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मी ऑइल बदलायला गेलो तर फणसाखाली शटर बंद, आणि पायरीवर पिकली पानं साचलेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच हॉटेलात मी उभा राहिलो आणि सांगितलं. माल चांगला होता, चूक माझी होती, नऊ वेळा चाकं मुरगळायचो तेसुद्धा. कुणी हसलं नाही. जीपवाल्यानं कप खाली ठेवला.

"ह्या तेव्हाच सांगूक होया होता रे," तो म्हणाला.

घरी येऊन गाडी मागे घेत लावली, आरसा खाली केला. आरशात आई दिवा लावत होती. मागे न वळताच तिनं विचारलं, "सांगलंस?"

"सांगलंय," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं, आणि ते ऐकायला मेस्त्री नव्हते.