मौनीसाहेबांची बिनदाराची खोली

बहिणीचं घर बांधताना मौनीसाहेबांना साक्षात्कार झाला, भिंतीतूनच कुणीतरी त्यांना दार ठेवू नकोस म्हणून बजावलं, अशी कुजबुज आमच्याकडे कित्येक वर्षं चालू होती.

मौनीसाहेब हे नाव आम्ही ऑफिसातल्यांनी ठेवलेलं, कारण हा माणूस एकदा बोलायला लागला की समोरच्याच्या चहावर साय धरायची. होता आर्किटेक्ट. हात देखणा, रेघ अशी की पाहतच राहावं. पण चित्त ड्रॉइंगबोर्डवर कमी आणि ब्रह्मांडात जास्त. जेवण झालं की खुर्चीतच डोळे मिटून ध्यान. आम्ही त्याला वामकुक्षी म्हणायचो.

घर धाकट्या बहिणीचं. तिचा नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, म्हणून खाली त्याच्यासाठी एक खोली, उजेड वरच्या झरोक्यातून. भिंती कमरेपर्यंत आल्या तेव्हा गवंड्याने विचारलं, सुतार चौकट टाकून गेलाय, बसवायची कुठे? नकाशात दारच दिसत नाही. साहेबांनी नकाशा पाहिला, भिंत पाहिली, मग डोळे मिटले.

"ह्या खोलीला दार नाही," ते म्हणाले. "काही जागा शिरण्यासाठी नसतात."

गवंड्याने हात जोडले. घोडं पेंड खातं ते इथेच. त्याने नुसतं 'म्हणजे काय?' असं विचारलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

मग माणसं यायला लागली. भिंतीला कपाळ टेकायची, कान लावायची. एका मास्तरांना तर आतून पाण्याचा आवाज आला. साहेबांनी त्या खोलीवर पुस्तक लिहिलं. 'दार म्हणजे अहंकाराला पडलेलं भोक', असली वाक्यं त्यात पानोपानी. ते खपलं, म्हणून दुसरं लिहायला घेतलं. नकाशे काढणं सुटलं.

आणि मेहुण्याची खाट पॅसेजमध्ये. येणारे-जाणारे तिला वळसा घालून भिंतीपाशी जात. बहिणीने भावाची किती मनधरणी केली त्याला गणती नाही. एकदा मी तिथेच होतो.

"दादा, भिंत फोडून एक दार बसवून दे रे. ह्यांना कूस बदलायची तरी लोकांदेखत बदलावी लागते."

"त्यांना कुठेही झोपता येईल. जगाला टेकायला ही एकच भिंत आहे."

"जगाचे पाय ह्यांच्या खाटेला लागतात."

साहेबांना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते दुसऱ्या पुस्तकात घातलं. स्वतःचं म्हणून.

मेहुणा नऊ वर्षांनी त्या पॅसेजमध्येच गेला. सगळं आटोपल्यावर बहिणीने भिंत फोडायला गवंड्याला बोलावून आणलं. साहेब भिंतीला पाठ लावून बसले आणि हलेनात. ती गवंड्याला म्हणाली, "जा बाबा. आता कुणासाठी फोडायची?" त्याच आठवड्यात ती लेकीकडे राहायला गेली. भावाशी पुन्हा बोलली नाही.

त्या घराचं ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचा शाईचा नकाशा, माझ्या शेजारच्या टेबलावर झालं होतं. त्या खोलीचं दार एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायचं ठरलं, म्हणून साहेबांनी जुनं दार ब्लेडने खरवडून काढलं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. जेवून आल्यावर ते ध्यानाला बसले आणि नवीन दार काढायला विसरले.