कपिलधार ते केज: एक जूनचा दाखला

सुनीताचा शाळा सोडल्याचा दाखला खरा आहे. केजच्या ज्या संस्थेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो, तिथल्या लिपिक मॅडमनी काल दुपारी फोनवर तसं कळवलं. मूळ शाळेचं जुनं रजिस्टर सापडलं, त्यात तिचं नाव आहे. मी "बरं झालं" म्हणालो. मॅडमनी फोन ठेवला.

पंधरा दिवसांपूर्वी पुण्याहून निघालो तेव्हा मजेत होतो. बनावट दाखले रोखायला संस्थेनं ब्लॉकचेन वापरायला घेतलं होतं; बघा आणि लिहा, असं आमंत्रण होतं. वाटेत कपिलधारचं तीर्थही होणार होतं.

पाटोद्यामार्गे जाणारी बीडची एसटी धरा आणि मांजरसुंब्याला उतरा. तिथून कपिलधारला जायला रिक्षा मिळते, पण परतीचं आधीच ठरवून ठेवा. पावसाळा नुकताच सरला होता, धबधबा भरात होता. तिथल्या संतांच्या समाधीचं दर्शन घेतलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि केजची जीप पकडली.

"बसा की, अजून दोन सीट हायेत," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं?"

"एक माज्या पल्याड, एक तुमच्या मांडीवर."

संस्थेच्या हॉलमध्ये दाखले तपासणं चाललं होतं. तपासलेल्या कागदाची नोंद एकाच वेळी अनेक संगणकांवर चढते. एकदा चढली की ती कुणालाच खोडता येत नाही. रांगेत अनिता आणि सुनीता या बहिणी होत्या. धाकट्या सुनीताला अंगणवाडी मदतनीस व्हायचं होतं. दोघींच्या दाखल्यांवर जन्मतारीख एकच: एक जून, सालही तेच.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी या विषयावर लिहिणारा, पुण्याचा. मी मोठ्यानं म्हणालो, "जुळ्या नाहीत आणि जन्म एकाच दिवशी? एक दाखला तरी गल्लीतल्या छापखान्यातला दिसतोय." हॉल हसला. अनिताची नोंद आधीच चढली होती; सुनीताच्या नोंदीवर 'संशयास्पद' चढलं.

"छापखाना कावून म्हनता साहेब?" सुनीता म्हणाली. "आमी दोगी एकाच दिवशी शाळेत गेलतो. गुरुजींनी दोगींलाबी एक जून लावला."

"मग खरा जन्म कधीचा?"

"आई म्हनायची, हुरड्याच्या दिवसातला. लिवा की मग हुरडा!"

अनिता माझ्याकडे वळली. "तुमचा कदी हाय ओ, पुनेकर?"

तेवढ्यात चहा आला. मी कप घेतला आणि उत्तर टाळलं.

संध्याकाळी लॉजवर आधार कार्ड मागितलं. त्यावर माझी जन्मतारीख आहे, एक जून. आई सांगते, मी पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. माझ्याही गुरुजींनी, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून, अख्ख्या वर्गाला तीच तारीख लावली होती. हे मला हॉलमध्येही माहीत होतं. पण लोक हसत होते, आणि ते मला आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीतूनच मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं आणि मूळ शाळेत विचारायची विनंती केली. त्याचं उत्तर कालचा फोन.

गुरुवारी नवी नोंद चढेल: 'खरा'. जुनी मात्र जाणार नाही. ती खोडता येत नाही, याचं कौतुक लिहायलाच तर मी गेलो होतो. सोमवारी अंगणवाडीच्या कामासाठी सुनीताची कागदपत्रं तपासली जाणार आहेत. मी येऊन सांगू का, असं मी तिला फोनवर विचारलं.

"नगं साहेब. तुमी आलात की लोकं परत हसतील. रजिस्टरची नक्कल हाय माज्याकडं."

सोमवारी तपासणीच्या टेबलावर तिचा दाखला उघडेल, तेव्हा दोन्ही नोंदी दिसतील. आधी माझी वाचली जाईल.