पैशाच्या रेषेतली पायरी

गाडी शिकागोहून घराकडे, नेपरव्हिलच्या दिशेने निघाली तेव्हा मांडीवर आलेख होता आणि खिडकीबाहेर बर्फ पडत होता. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत मी नवा होतो. अमेरिकेतला एकूण पैसा गेल्या अडीच दशकांत कसा वाढला, ते मी शाईने काढलं होतं. एकूण पैसा म्हणजे लोकांच्या खिशातली रोकड, चेकची खाती आणि ठेवी, सगळं मिळून. आमच्या भाषेत एम-टू.

रेषा डावीकडून हळूहळू चढत जायची. मला ती फार आवडायची. इथे मी शाळेत जायला लागलो, इथे बाबांनी रेडिओ घेतला, इथे मी विमानात बसलो, असं बोट फिरवत माझी तंद्री लागायची. अमेरिकेच्या पैशाला आमच्या घराची काय खबर असणार? तो आपला शांतपणे वाढत होता.

त्या गुरुवारी बोट अडखळलं. ऐंशी सालाशी रेषेला पायरी होती. नेमकी हीच पायरी माझ्या बॉसला, हॅरल्डला, आवडली होती. पैशाचा पूर आलाय, महागाई भडकणार, सोनं घ्या, असं पत्र त्याने ग्राहकांसाठी लिहिलं होतं. ते शुक्रवारी दुपारी छापायला जाणार होतं. शुक्रवारीच तो माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर सही करणार होता.

पायरी पैशाची नव्हती, माझी होती. त्या साली एम-टूची व्याख्या बदलली. बचतसंस्थांतल्या ठेवी, मनी मार्केट फंड, बरंच काही त्यात आलं. जुन्या वर्षांचे आकडेही नव्या व्याख्येने पुन्हा छापले गेले. मी ते घेतलेच नव्हते. पिस्कॅटवेच्या विद्यापीठात शिकताना फोटोकॉपीचे पैसे वाचवायला जुने आकडे मी दोन हिवाळे लायब्ररीत बसून वहीत उतरवले होते. एवढ्या कष्टाची वही टाकवेना. जुनं वहीतून घेतलं, नवं ऑफिसातल्या आकड्यांच्या पुस्तकातून, आणि दोन्ही जोडून टाकलं.

जेवताना बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं.

"मग सोमवारी सांग ना. आधी सही होऊ दे."

"तोवर पत्र पोस्टात गेलेलं असेल. लोक माझ्या चुकीवर सोनं घेतील."

"आणि आपण परतीची तिकिटं. ते कॅल्क्युलेट केलंस का?"

केलं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती तिला दिसत होती. भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "उद्या तो चांगला टाय घाल. हाकलणारच असतील तर निदान नीट दिसू दे."

शुक्रवारी सकाळी नव्या आकड्यांवरून रेषा पुन्हा काढली आणि दोन्ही आलेख हॅरल्डसमोर ठेवले.

"पायरी कुठे गेली?"

"नव्हतीच. मी दोन वेगळी मापं जोडली होती."

"मग पूर?"

"पैसा वाढतोय. आधी वाढत होता तसाच."

त्याने त्या साध्या रेषेवरून बोट फिरवलं. "हे बघायला आपल्याला पैसे कोण देणार?"

"बहुतेक कुणी नाही."

त्याने फोन करून छपाई कॅन्सल केली. मग माझे कागद उचलले आणि सही न करता ड्रॉवरमध्ये ठेवले.

ते बाहेर यायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात ऑफिसातला प्रत्येक जुना आलेख त्याने मला तपासायला लावला. बऱ्याच चुका सापडल्या. त्यांतल्या दोन खुद्द हॅरल्डच्या होत्या. पहिली दाखवली तेव्हा त्याने पुढचा आलेख माझ्याकडे सरकवला. दुसरी दाखवली त्या दिवशी त्याने सही केली.

चूक कबूल केली की लोक विश्वास ठेवायला लागतात, असं ऐकून होतो. माझा अनुभव असा, की आधी ते कामाला लावतात.