दोन दात, चाळीस बाजार

अक्षर माझं मुंग्या सांडल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. कुणी ही वही उघडलीच, तर आधीच माफी मागते. जे तोंडानं कुणाला सांगता आलं नाही, तेवढंच लिहिते.

ऐंशी साल सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नागभीडजवळच्या खेड्यात आमचं घर होतं. नवरा छोट्या रेल्वेलाइनवर गँगमन होता. त्या उन्हाळ्यात माझं बाळ पोटातच गेलं. मग छातीत धडधड सुरू झाली. झोप येईना, आणि राग तर असा की भांडी आपटून आपटून पोचे पाडले.

पावसाळ्यात आमच्या विहारात एक भंतेजी वर्षावासाला राहिले. दुपारी ते ध्यान शिकवायचे. पाठ ताठ ठेवायची, डोळे मिटायचे, श्वास आत जातो आणि बाहेर येतो तेवढं पाहायचं. गावातल्या बाया तेव्हा धानाच्या रोवण्याला जायच्या. मला डॉक्टरांनी चिखलात उतरू नको म्हटलं होतं, म्हणून मी आणि दोन म्हाताऱ्या, एवढ्याच शिकलो. पुढं मी घरामागं तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला पाठ लावून रोज पहाटे बसू लागले. छातीतली धडधड कमी झाली.

आमच्या मागच्या घरची बाई तिच्या दारातून मला पाहत होती. तिच्या पोरीला ताप भरला होता, उतरत नव्हता. मी मूल गेलेली बाई. तिच्या घराकडं तोंड करून डोळे मिटून बसते, ओठ हलत नाहीत, म्हणजे मनातल्या मनात मंतर म्हणते, असं तिनं धरलं. दुसऱ्या गावच्या पुजाऱ्यानं तिला सांगितलं, करणी करणाऱ्या बाईचे दात पाडले की मंतर फुटतो, मग ताप जातो.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी डोळे मिटून बसले होते. श्वास पाहत होते म्हणून पावलं ऐकू आली नाहीत. तिच्या दोन दिरांनी माझे हात मागं ओढले. ती समोर बसली. तिच्या हातात दगड होता.

"तोंड उघड," ती म्हणाली.

मी दात आवळले. तिनं ओठावरच दगड घातला. दुसऱ्या घावाला एक दात पडला, तिसऱ्याला दुसरा. तोंड रक्तानं भरलं. गिळलं तर ओकारी येई, थुंकलं तर तणसीवर लाल. एका दिराचं मनगट माझ्या तोंडाशी आलं, तेव्हा उरलेल्या दातांनी मी त्याचं मांस धरलं. तो ओरडला आणि हात सुटला.

मी धावले. चिखलातून शेताच्या धुऱ्यावर, धुऱ्यावरून लाइनीवर. अनवाणी पायाला गिट्टी लागत होती. त्याआधी लहानपणी धावले असेन तेवढंच. मागं कोणी नव्हतं तरी मी थांबले नाही. नवरा ज्या ठिकाणी रूळ ठोकत होता तिथं जाऊन पडले.

पोलीस पाटलानं विहारासमोर बैठक घेतली. नवऱ्याला केस करायची होती. गावाला केस नको होती. दवाखान्याचे आणि दातांचे मिळून दोनशे रुपये त्या बाईनं द्यावे, दर आठवडी बाजाराला पाच, असं ठरलं. पाटलानं मला विचारलं, "तुले काई सांगाचं हाये का बाई?"

मी इतक्या हळू बोलले की नवऱ्याला ते मोठ्यानं सांगावं लागलं: "तिनं सोताच दारात येऊन द्यावं म्हंते."

सगळ्यांना वाटलं मला तिची माफी हवी आहे. खरं होतं ते वेगळंच. दारामागं मी वरवंटा ठेवला होता. ती आली की तिच्या तोंडावर घालायचा होता. दोन दात तिचेही.

पहिल्या बाजाराच्या पहाटे मी ध्यानाला बसून पाहिलं. डोळे मिटले की मागं पावलं वाजायची. बसवेना. मग टमरेल घेतलं आणि लाइनीच्या कडेनं धावत सुटले. बाईच्या हातात टमरेल असलं की ती कुठं चालली हे कोणी विचारत नाही. परत आले ती दमून दारातच बसले. ती आली, पाच रुपये ठेवले, गेली. वरवंटा उचलायला हातात जोरच नव्हता.

तेव्हापासून मी रोज धावले. नवरा हसायचा. "एवढी पळून राह्यली, टमरेलात पाणी तरी उरते का व?"

पण राग गेला नव्हता, रोज थकत होता एवढंच. मी तिला मारलं तर मी तुरुंगात, नवऱ्याचं घर उघडं, हे मला कळत होतं. तरी वरवंटा दारामागून हलवला नाही.

सतरावा की अठरावा बाजार होता. ती पोरीला कडेवर घेऊन आली. पोर आता गुबगुबीत झाली होती. दवाखान्याच्या माणसानं हिवतापाच्या गोळ्या दिल्या होत्या, हे गावाला माहीत होतं.

ती म्हणाली, "तुह्ये दात पडले अन् मह्या पोरीचा ताप उतरला. मी का खोटं बोलून राह्यली?"

मी वरवंटा उचलला. तिनं पोरीचं डोकं छातीशी दाबलं, पण पाय हलवले नाहीत. पोरीचा एकच डोळा मला दिसत होता. वरवंटा मी दाराशी ठेवलेल्या माठावर घातला. माठ फुटला, पाणी उंबऱ्यावरून तिच्या पायांवर गेलं.

मी तिथंच ओल्यात बसले. पाठ ताठ केली, डोळे मिटले. ती माझ्या पुढं उभी असताना मिटले.

तिचा आवाज आला. "काऊन बसली व?"

"श्वास पाहून राह्यली."

"मंतर नाई?"

"जवळ ये अन् आयक."

ती वाकली. तिचा वास नाकाशी आला, पोरीच्या तेलाचाही. मग पोरीला सावरत ती गेली.

पाच रुपये ओल्या उंबऱ्यावर पडले होते. वरवंटा मी पाट्यावर नेऊन ठेवला आणि संध्याकाळी त्यानंच मिरच्या वाटल्या.

माफी तिनं कधीच मागितली नाही. पुढचे बाजार ती आली, पैसे दिले, मी घेतले. चाळिसाव्या बाजाराला तिनं सुटी नाणी आणली होती. पदराच्या गाठीतून एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी मोजली.

"झाले ना सारे?" तिनं विचारलं.

"झाले," मी म्हणाले. पूर्ण दोनशे.