ढालीसाठी केलेलं कपाट

खेळाने राष्ट्र घडतं, असं आमचे हेडमास्तर म्हणत. त्या दिवशी ऑफिसात ते हे पुन्हा म्हणाले आणि त्यांनी भिंतीजवळच्या नव्या काचेच्या कपाटाकडे हात केला. त्यात बास्केटबॉलची ढाल ठेवायची होती. ढाल अजून जिंकायची होती.

समोर गणपत उभा होता. इंग्रजी पाचवीतला, म्हणजे मॅट्रिकच्या दोन वर्षं आधीच्या वर्गातला, पण उंचीने माझ्या डोक्यावर गेलेला. शेजारी त्याचे वडील, कराडजवळच्या खेड्यातले, पहिल्या महायुद्धातले पेन्शनर हवालदार. साताऱ्याच्या त्या हायस्कुलात मी ड्रिल मास्तर होतो.

"पोराला कप्तान करा," हवालदार म्हणाले. "न्हाईतर बोर्डिंगातनं काढतो आन् गावच्या तालमीत घालतो."

"गणपत, तुला काय हवंय?" मी विचारलं.

"तुमी म्हणाल तसं, सर."

हेडमास्तरांना हे उत्तर फार आवडलं. मला त्यात उत्तर दिसलं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर मुलाला मत विचारलं, की तो त्यांचंच मत त्यांना परत करतो. त्याला चांगलं वळण म्हणतात. मी सांगलीच्या शाळेशी ढालीचा सामना होईपर्यंत मुदत मागून घेतली.

या खेळात उंचावरच्या लोखंडी कड्यातून चेंडू टाकायचा असतो. चेंडू धरून पळता येत नाही. आपटत न्यायचा, नाहीतर सोबत्याकडे फेकायचा. त्या फेकण्याला पास म्हणतात. गणपत अगदी कड्याखाली पोचायचा आणि तिथून पास द्यायचा. हेडमास्तरांच्या मते तो भित्रा होता. भीती असेल तर उपाय करावा, आवड असेल तर आपण गप्प बसावं. पंचाईत अशी, की बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मी त्याला सांगितलं, "आठवडाभर तुझी हजेरी घेणार नाही. वाटलं तर ये."

तो रोज आला. मोठ्या मुलांचा खेळ संपला की लहान पोरांत शिरायचा, त्यांच्या हातात नेमका चेंडू द्यायचा आणि कड्यात पडला की त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडायचा. भित्रं पोर असं ओरडत नाही.

पुढे चेंडूतला रबरी ब्लॅडर फुटला. दुसरं महायुद्ध चालू होतं, नवा मिळेना. सायकलच्या सोल्युशनने ठिगळ लावायला मी गणपतला बसवलं. हातात काम आणि मान खाली असली की मुलं बोलतात.

"कड्यात टाकायला नको वाटतं?"

"टाकतो की. पर दुसऱ्याला बरोबर मिळाला की लय बरं वाटतं."

"आणि कप्तानपद?"

"नको. आबांना तुमी सांगा, सर."

"खेळ तुझा, वडीलही तुझे. मी शेजारी उभा राहीन."

सामन्याच्या दिवशी हवालदार गावच्या हलगीवाल्याला वाजवायला लावून गुलाबी फेटा घेऊन आले. कुस्तीच्या फडात जिंकणाऱ्याला बांधतात, तसा. इथे दोन्हीकडून पाच-पाच जण खेळतात, एकटा कोणी जिंकत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गणपतने एकदा माझ्याकडे पाहिलं. "आबा, मी कप्तान व्हनार न्हाई. मला पास द्यायला आवडतं."

"हातात आल्यालं दुसऱ्याला द्यायचं? मग तुझं काय ऱ्हायलं रं?"

"तुमी लढाईत काय करत व्हता?"

"खेचरं हाकायचो. दारूगोळा म्होरं पोचवायचो."

"आन् गोळी?"

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "ती दुसरे झाडायचे."

हलगी थांबली. लढाईचा हा भाग गावात बहुधा कोणी ऐकला नव्हता.

"पोचवायचं काम सोपं नसतंय," हवालदार म्हणाले. "खेळ जा. बोर्डिंगातनं काढत न्हाई. ऱ्हा." मग हलगीवाल्यावर खेकसले, "तू का थांबलास गड्या? वाजीव!"

गणपत मन लावून खेळला. त्याच्या पासवर आमच्या बुटक्या पोरांनीही चेंडू टाकले. तरी आम्ही हरलो. फडावर आणलेला फेटा परत न्यायचा नाही, म्हणून हवालदारांनी तो सांगलीच्या कप्तानाला बांधला. त्या मुलाला काही कळलं नाही, पण फेटा त्याला शोभला.

मॅट्रिक होईपर्यंत गणपत खेळला. कप्तान कधीच झाला नाही आणि त्याचं काही अडलं नाही. मुलाच्या मनातलं काढायचं असेल, तर आधी त्याच्या हाताला काम द्यावं आणि खोलीतले मोठे लोक कमी करावेत, एवढं मी शिकलो.

ढाल सांगलीलाच राहिली. कपाटाला कुलूप चांगलं होतं. त्यात आम्ही खडू ठेवू लागलो.